खोडावरची गाठ

सातारा,
१२ जानेवारी

चि. मनू,


तुझं पत्र आणि तिन्ही फोटो मिळाले. परसातलं ते झाड काढून तिथे फरशी घालावी, म्हणजे सायकली ठेवायला जागा होईल, असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. लेस्टरचं ते घर आता तुम्ही सांभाळता, तेव्हा मी हुकूम सोडणार नाही. पण खोडाच्या तळाशी ती गाठ कसली, आणि गुडघ्याच्या वर दोरीचा असावा तसा वळ कशाचा, हे तूच विचारलंस. ते सगळं सांगते. ऐक, मग ठरव.

तुम्ही ऑक्टोबरात राहायला आलात. तेव्हा खाली फळांचा चिखल, पाय घसरतो, आणि एखादं तोंडात टाकलं तर दात आंबतात, एवढंच तुझ्या वाट्याला आलं. त्यामुळे ‘बिघडलेलं सफरचंद’ म्हणालीस त्यात तुझा दोष नाही. पण ते बिघडलेलं नाही गं. ते क्रॅब ॲपल आहे, रानसफरचंदाच्या कुळातलं. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या फळाला तिकडे क्रॅब म्हणतात, त्याहून मोठं ते सफरचंद. आपल्या झाडाची जात जॉन डाउनी. ही जात १८७५ मध्ये लिचफील्डजवळच्या व्हिटिंग्टनला तयार झाली, म्हणजे तुझ्या घरापासून मोटारीने तासाभरावर. एका स्कॉटिश रोपवाटिकावाल्याचं नाव तिला मिळालं.

आम्ही ते लावलं १९८८ च्या डिसेंबरात, आणि लावायला सांगितलं शेजारच्या आजींनी. भिंतीपलीकडे जे थोरलं झाड दिसतं ना, ते त्यांचं ब्रॅम्ले. शिजवून खायचं सफरचंद. त्या वर्षी मागच्या गल्लीतलं एक सफरचंदाचं झाड कुणीतरी गॅरेजसाठी तोडलं होतं. आजी हळहळत होत्या, आता माझ्या झाडाला फळ धरणार नाही म्हणून. मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर समजलं, की ब्रॅम्लेच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यामुळे त्याचा पराग दुसऱ्या झाडांच्या फारसा उपयोगाचा नाही, आणि त्याला स्वतःला भरघोस धरायचं तर आसपास दुसरं झाड फुललेलं हवं. क्रॅब ॲपल त्या कामाला उत्तम. ते अंगभर फुलतं आणि पुष्कळ दिवस फुलत राहतं. तुमची बाग बेताची, आजींनी सांगितलं, तुम्हाला हेच झाड शोभेल.

आता गाठ. तुझ्या काकांचं घराणं राजापूरकडचं, आंब्याच्या कलमांत वाढलेलं. कोय रुजवून आलेला तो रायवळ, हवा तोच आंबा पाहिजे तर कलम बांधायचं, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. सफरचंदाचंही अगदी तसंच आहे. बी पेरलं तर निपजेल ते वेगळंच. ब्रॅम्लेसुद्धा मुळात रायवळच म्हणायचं. १८०९ मध्ये साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया रुजवल्या, त्यातलं ते एक. नाव मात्र पडलं पुढे त्या घराचा मालक झालेल्या खाटिकाचं. मला याचं अजून वाईट वाटतं. बी रुजवणारीचं नाव फळाला मिळायला हवं होतं.

रोपवाटिकेत काकांनी झाडाकडे पाहण्याआधी, ज्यावर कलम बांधतात तो खुंट कुठला ते विचारलं. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने सफरचंदाचे खुंट पारखून त्यांना क्रमांक दिले आहेत, आणि वरची जात कुठलीही असो, झाड केवढं व्हायचं हे पुष्कळसं खालचा खुंट ठरवतो. आपलं झाड एम २६ वर आहे. म्हणून एवढ्या वर्षांत ते खिडकीवर आलं नाही, की त्याने शेजाऱ्यांचं ऊन अडवलं नाही. तुला दिसते ती गाठ म्हणजे खुंट आणि कलम जिथे जुळले ती जागा. ती कधीही मातीत गाडू नकोस. गाडली तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा धाक सुटतो आणि झाड हाताबाहेर वाढतं.

वळ मात्र माझ्यामुळे पडला. १९९० च्या जानेवारीत तिकडे मोठं वादळ झालं. आमच्या रोपाच्या आधाराचा पट्टा तुटला. काका कामावर होते. मी वाऱ्यात जाऊन कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने ते काठीला आवळून बांधलं आणि नंतर विसरले. दोन उन्हाळ्यांत खोड जाड झालं, दोरी सालीत रुतली. काकांनी ब्लेडने एकेक धागा सोडवला, मी बाजूला उभी राहून रडत होते. झाड जगलं. बांधायचं ते सैल, मऊ पट्ट्याने, आणि वर्षातून दोनदा पट्टा ढिला करून बघायचं, हे मी तेव्हापासून कुणालाही सांगत आले आहे.

बाकी त्याचं फारसं काही मागणं नाही. पानगळ झाली की वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या, हे काम या महिन्यात करता येईल. पानांवर काळपट डाग पडतात, ती खपली या जातीला जरा जास्त धरते. गळलेला पाला झाडून उचलला की बराच फरक पडतो.

फळांचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा चार किलो उतरली तेव्हा आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. फळं धुऊन, न सोलता, बियांसकट पाण्यात मऊ होईतो शिजवली. मग त्यांनी स्टूल ओट्यावर उलटं ठेवलं, त्याच्या चार पायांना मलमल बांधली आणि खाली पातेलं ठेवलं. मी बघतच राहिले. महाशिवरात्रीच्या सुमाराला आई कवठाची जेली करायची, ती असंच उलट्या स्टुलाला पंचा बांधून. “पिळू नकोस, गढूळ होईल,” हे आईचं वाक्य आजींच्या तोंडून इंग्रजीत आलं. रात्रभर रस ठिबकला. सकाळी एक लिटर रसाला पाऊण किलो साखर घालून उकळत ठेवलं. आधी फिकट पिवळा असलेला रस बघता बघता गुलाबी-केशरी झाला. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला, त्याला सुरकुती पडली, आणि आजींनी गॅस बंद केला. कवठासारखंच यातही पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली आपोआप धरते. दात आंबवणाऱ्या त्या फळातूनच ही जेली होते.

आजी गेल्या. त्यांच्या घरात आता लहान मुलांचं कुटुंब आहे असं तू लिहिलंस. ब्रॅम्ले अजून उभं आहे, आणि त्याला पराग देणारं जवळपासचं दुसरं झाड आपलंच. साताऱ्याला मला ते लावता येत नाही. त्याला हिवाळाभर गारठा लागतो, इथे तेवढा मिळत नाही. नाहीतर तुला एवढं लांबलचक लिहिलं नसतं.

निदान मे महिन्यापर्यंत थांब. एप्रिलच्या अखेरीला कळ्या गडद गुलाबी दिसतील आणि उमलल्या की पांढऱ्याशुभ्र होतील. सकाळी न्हाणीघराच्या खिडकीतून बघ. सायकलींना भिंतीलगत डावीकडे जागा आहे, आम्हीही तिथेच ठेवायचो. जेलीची मलमल जिन्याखालच्या कपाटात वरच्या फळीवर असेल, धुऊन घे.

आणि एक काम कर. गाठीभोवती पाला-माती साचली असेल, ती हाताने बाजूला सार आणि जवळून फोटो पाठव. कलम उघडं आहे ना, याची काकांना कालपासून काळजी लागून राहिली आहे.

तुझी,
आत्या