लोणारला जावे का?

खामगावच्या एका व्यापारी घरात दिवाळीचे वहीपूजन आटोपले की सहलीचा विषय निघतो. यंदा धाकट्या चिरंजीवांनी युरोप सहलीचे एक रंगीत माहितीपत्रक घरी आणले. त्यात स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न या सरोवरकाठच्या शहरात दोन मुक्काम होते, नौकाविहार होता, पिलाटस पर्वतावर जाणारी रेल्वे होती आणि सर्वांत ठळक अक्षरांत ‘शुद्ध जैन भोजनाची सोय’ असे छापलेले होते. ते पत्रक घरभर फिरून शेवटी आजींच्या हाती गेले. त्यांनी चष्मा लावून चित्रे पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते.”

आजींचे वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे. विमानाचा दीर्घ प्रवास त्यांना झेपणारा नाही, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही त्यांच्या बोलण्याने घरातील उत्साहावर विरजण पडले. तेव्हा नात म्हणाली, “मग आधी लोणारला जाऊ या. तिथंही सरोवरच आहे, आणि आजीलाही येता येईल.” त्यावर काका हसले. “लोणारला काय आहे? एक मोठा खड्डा आणि त्यात खारं पाणी!”

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत लोणारविषयी हाच अभिप्राय ऐकू येतो. परदेशातील अभ्यासक जे पाहण्यासाठी इतक्या दूर येतात, ते मेहकरहून अवघ्या पंचवीस किलोमीटरवर असूनही आपल्या लोकांनी पाहिलेले नसते. किंवा शाळेच्या सहलीत एकदा वरून पाहून परत आलेले असतात. म्हणून ‘लोणारला जावे का?’ हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्याचा नीट हिशेब मांडणे योग्य ठरेल.

प्रथम ल्यूसर्नची बाजू प्रामाणिकपणे पाहावी. त्या शहराची कीर्ती फुकाची नाही. निळे स्वच्छ सरोवर, त्यावर वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या बोटी आणि सभोवती बर्फाची शिखरे असे तेथील दृश्य आहे. जवळच्या रिगी पर्वतावरची दात्यांची रेल्वे १८७१ मध्ये सुरू झाली. पिलाटसची १८८९ मध्ये, आणि ती आजही जगातील सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे मानली जाते. म्हणजे चालता न येणाऱ्यालाही पर्वताच्या माथ्यावर नेण्याची व्यवस्था त्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच केली. नदीवरचा चौदाव्या शतकातील लाकडी पूल ऑगस्ट १९९३ मध्ये आगीत बराचसा जळाला. तो त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा उभा करून लोकांसाठी खुला केला. सौंदर्य, सोय आणि जपणूक या तिन्ही बाबतींत लोणारने ल्यूसर्नशी स्पर्धा करू नये. तेथे नौकाविहार नाही, स्नान नाही, काठावर बाजारपेठ नाही, खाली नेणारी रेल्वे नाही. काठाशी गेल्यावर शेवाळाचा उग्र दर्प येतो. करमणुकीच्या अपेक्षेने गेलेला मनुष्य अर्ध्या तासात कंटाळून परततो आणि ‘खड्डा’ हा शब्द घेऊनच घरी येतो.

परंतु तो खड्डा कसा झाला, हे समजून घेतले की हिशेब बदलतो. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहे. त्या काळ्या कठीण खडकावर आकाशातून एक अशनी प्रचंड वेगाने येऊन आदळला. त्याचा बहुतेक भाग क्षणार्धात वितळून वाफ झाला आणि मागे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटर खोल असे जवळजवळ गोल विवर राहिले. आघाताने उसळलेला खडक भोवती पडून त्याची कड आसपासच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच झाली. बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेली विवरे पृथ्वीवर अत्यंत थोडी आहेत आणि त्यांत लोणारचे विवर सर्वांत सुस्थितीत टिकलेले मानले जाते. चंद्राच्या पृष्ठभागावरही असाच खडक आणि अशीच विवरे असल्याने चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारकडे वळतात.

हे सत्य एका दिवसात हाती आलेले नाही. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. सभोवती सर्वत्र लाव्हाचा खडक असल्याने हे ज्वालामुखीचे तोंड असावे, असे पुष्कळ काळ मानले गेले. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखवले. पुढे विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड दाबाखालीच तयार होणारे काचेसारखे द्रव्य सापडले आणि १९७३ मध्ये अशनी-आघाताचा निर्वाळा मिळाला. वयाविषयीचे मतही बदलत गेले. आधी सुमारे पन्नास हजार वर्षे मानली जात; २०११ च्या संशोधनाने तो आकडा पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेला. जुनी नोंद चुकीची ठरली तर ती खोडून नवी नोंद करावी, हा व्यापाऱ्याच्या वहीचा नियम शास्त्रालाही लागू आहे.

व्यापारी वाचकांना आणखी एक गोष्ट रुचेल. आज निरुपयोगी वाटणारे हे पाणी एके काळी उत्पन्नाचे साधन होते. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख येतो तो साबण आणि काच यांसाठी लागणाऱ्या क्षाराच्या संदर्भात, आणि त्यापासून मिळणाऱ्या महसुलाच्या संदर्भात. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर जमत. ते खरवडून, वाळवून, प्रतवारी करून विकले जात. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्या मालाची नावे होती. विवरात आलेले पाणी बाहेर जाण्यास वाट नाही; ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे राहतो, एवढेच या खारेपणाचे मूळ. पुराणकथा मात्र ते वेगळ्या प्रकारे सांगते. येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे, भगवान विष्णूंनी त्याचा वध केला, म्हणून गावाचे नाव लोणार आणि गावातील देवालयाचे नाव दैत्यसूदन.

ते दैत्यसूदन मंदिर न पाहता परतणे ही मोठी चूक होय. तारकाकृती मांडणीचे हे प्राचीन देवालय गावातच असल्याने वृद्धांनाही तेथे जाता येते. भिंतींवरील शिल्पे निवांतपणे पाहावीत अशी आहेत. गावातील लिंबी बारवही पाहण्याजोगी आहे. विवराच्या कडेशी गोमुखातून अखंड वाहणारी गोड्या पाण्याची धार आहे. वर गोडे आणि तळाशी खारे असे दोन्ही प्रकारचे पाणी एकाच विवरात दिसते. खाली सरोवराकाठी कमळजा देवीचे मंदिर आहे, आणि झाडीत अनेक जुनी देवळे भग्नावस्थेत उभी आहेत. ल्यूसर्नचा जळालेला पूल वर्षभरात उभा राहिल्याची कथा येथे आठवते आणि मन थोडे खिन्न होते.

सरोवराच्या रंगाविषयीही आधीच सावध असावे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि ती छायाचित्रे जगभर गेली. वन विभागाने पाठविलेल्या नमुन्यांची पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे स्पष्ट झाले. पाणी कमी होऊन क्षारता वाढली की हे जीव वाढतात. पाऊस पडला की रंग ओसरतो. एरवी पाणी शेवाळामुळे हिरवट दिसते. गुलाबी रंग पाहण्यासाठी जाणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. मात्र ज्या पाण्याला आपण निर्जीव समजतो, त्याच्या थेंबाथेंबांत असे असंख्य जीव आहेत, हे जैन घरातील मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच कारणाने हे स्थळ जपण्याचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली, २००० मध्ये ते अभयारण्य झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. क्षाराचा समतोल नाजूक असतो. गोडे पाणी, सांडपाणी किंवा खतांचा अंश अधिक उतरला तर पाण्याचा स्वभावच पालटतो. पातळी वाढली की कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी येते आणि खालची वाट बदलते. म्हणून खाली उतरण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, खाद्यपदार्थ व प्लॅस्टिक खाली नेऊ नये आणि वानरांना काहीही खाऊ घालू नये.

जाण्याचा योग्य काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. चातुर्मासात वाट निसरडी असते आणि पावलोपावली हिरवळ व कीटक असतात; उन्हाळ्यात विवराची चढण अंगाची लाहीलाही करते. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी मेहकर येथे उतरावे. दशमी, खाकरा, चटणी आणि उकळलेले पाणी घरूनच न्यावे; कांदा-लसूण-बटाट्याविना जेवण आयत्या वेळी मिळेलच, या भरवशावर राहू नये. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, म्हणून सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी व्हावे अशा बेताने परतीची वेळ ठरवावी. मुक्काम करावयाचा असल्यास कडेजवळ पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंनी एक दिवस अधिक ठेवला तर लोणार आणि जिजाऊ माँसाहेबांचे जन्मस्थान सिंदखेडराजा ही दोन्ही ठिकाणे त्याच यात्रेत होतात. फक्त अर्धा तास हाताशी असेल तर मात्र लोणारकडे वळू नये. तेवढ्या वेळात खड्डाच दिसतो.

खामगावच्या त्या कुटुंबाने अखेर कार्तिकी पौर्णिमेनंतरचा बाजाराच्या सुट्टीचा दिवस निवडला. सकाळी गावातील मंदिर पाहून सर्व जण कडेवर आले. मोटार जवळपर्यंत गेल्याने आजींना थोडेच चालावे लागले. सावलीत सतरंजी अंथरून धाकटी सून त्यांच्याजवळ थांबली आणि बाकीचे वाटाड्यासह खाली उतरले. साग-बाभळीच्या झाडीतून जाताना मोरांचा आवाज येत होता. तळाशी पोहोचल्यावर काकांनी मान वर करून चहूबाजूंची ती गोल भिंत पाहिली. एरवी भावताव करताना ज्यांचे तोंड थांबत नाही, ते काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातीला एवढेच म्हणाले, “वरून हे कळत नाही गं.”

चढून येण्यास उतरण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. वर आजींचे सामायिक केव्हाच पूर्ण झाले होते आणि त्या सरोवराकडे पाहत बसल्या होत्या. खाली उतरलेल्यांना काठ दिसला, झाडे दिसली, देवळे दिसली. पण कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गोल विवर सर्वांत अधिक वेळ पाहिले ते आजींनी. “आमच्या लहानपणी वडील बैलगाडीनं इकडून जायचे,” त्या म्हणाल्या. “मला कधी आणलं नव्हतं.”

ल्यूसर्नचे माहितीपत्रक अजून त्या घरात आहे आणि उन्हाळ्यात मुले जातीलही, जावेच. लोणार त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र जे ठिकाण तीन पिढ्यांना एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर बसून पाहता येते आणि जे पाहण्याची संधी घरातील वडीलधाऱ्यांसाठी दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते, तेथे आधी जावे. दूरचे ठिकाण पुढच्या वर्षीही तेथेच असेल. आजींचे गुडघे पुढच्या वर्षी कडेपर्यंत नेतील की नाही, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.