वडाळा : गाडी बदलण्याचे गाव

गिरगाव, दादर, परळ यांना मराठी साहित्यात आपापली खुर्ची आहे. गिरगावला चाळी, दादरला शिवाजी पार्क, परळला गिरण्यांचे भोंगे. आमच्या वडाळ्याला बसायला साधे स्टूलही कुणी दिले नाही. ‘मी वडाळ्याला राहतो’ असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थबकतो आणि विचारतो, “म्हणजे पाच उद्यानांच्या बाजूला की अँटॉप हिलच्या?” या प्रश्नात निम्मा भूगोल असतो आणि निम्मे घरभाडे!

स्टेशनाचे नावच पाहा ना. ‘वडाळा रोड’. म्हणजे वडाळा नव्हेच, वडाळ्याकडे जाण्याचा रस्ता. कुर्ला ते रे रोड ही हार्बर लाइन १९१० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि १९२५ साली देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. पण हा मान आम्ही कधी मिरवला नाही. वडाळ्याला गाडीचे एकच महत्त्व, ती इथे फुटते. एक फाटा कुर्ल्यावरून वाशी-पनवेलकडे जातो, दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीम ओलांडून अंधेरी-गोरेगावकडे. त्यामुळे संध्याकाळी फलाटावर पाहावे तर शेकडो माणसे मान वर करून इंडिकेटरकडे बघत उभी. पंढरपुरात कळसाकडेही इतक्या एकाग्रतेने कोणी बघत नसेल.

मालगाड्यांचेही तेच. गोदीतला माल वाहण्यासाठी पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे काढली ती १९१५ साली; बॅलार्ड पिअरपासून निघून ती वडाळ्यापर्यंत येई आणि इथल्या यार्डात वाघिणी मोठ्या रेल्वेच्या हवाली होत. धान्य असो, यंत्रे असोत, इथे माल हात बदलायचा. देणाऱ्याचा कारकून आणि घेणाऱ्याचा कारकून यांच्या वह्या जुळल्याशिवाय वाघीण पुढे हलत नसे. त्याही आधीची खूण म्हणजे मिठागरे. १ जून १९३० रोजी सुमारे १५,००० माणसे त्यांवर चाल करून गेली, लाठ्या खाल्ल्या आणि मीठ उचलून आणले. आज त्या बाजूला उंच इमारती आहेत, ट्रक टर्मिनस आहे आणि मोनोरेलचे खांब आहेत. ही मोनोरेल २०१४ साली धावू लागली, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी थांबवण्यात आली. मधल्या काळात तिच्यात जागा मिळाली नाही अशी तक्रार मी तरी कुणाकडून ऐकली नाही.

हे सारे सांगण्याचे कारण आमच्या इमारतीतली एक मुलगी. अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात होती, पुढे बी.कॉम. झाली, आणखी कसलासा अभ्यासक्रम केला, आणि गेल्या वर्षी नोकरीला लागली. आमच्या इमारतीत पहिली नोकरी म्हणजे पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, बेस्ट, फार तर विमा कंपनी. ती कुणाला समजावून सांगावी लागत नसे. हिची नोकरी मात्र ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ची! आईने हळदीकुंकवाला ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर निभावले. आजोबा पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले, त्यांनी थेट विचारले, “कारकून की साहेब?” पोरगी म्हणाली, “दोन्ही नाही.” आजोबांची काळजी वाढली.

पहिल्या पगाराचे पेढे कात्रक रोडवरच्या विठ्ठलापुढे ठेवून ती आमच्याकडे आली, तेव्हा मीही तेच विचारले; जरा सुधारलेल्या शब्दांत, इतकेच. तिने सांगितले ते असे. एखाद्या कचेरीला आपले काम संगणकावर आणायचे असते. आपले काम काय ते कचेरीला ठाऊक, पण संगणकाला काय सांगायचे ते ठाऊक नाही. संगणकाची प्रणाली लिहिणाऱ्याचे नेमके उलटे. या दोघांच्या मध्ये हिने बसायचे. कचेरीतल्या माणसांना विचारायचे, आज काम कसे चालते. मग उद्या कसे चालायला हवे ते त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. आणि ते अशा भाषेत लिहायचे की प्रणाली लिहिणाऱ्याला एकच अर्थ लागावा. त्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की काम सुरू. या धंद्याची जागतिक संस्थाही आहे म्हणे, २००३ साली टोरोंटोत निघालेली.

“म्हणजे दुभाषी!” मी म्हणालो.

“सर, दुभाष्याला निदान एक माणूस बोललेले तरी मिळते,” ती म्हणाली. “मला माणसे जे बोलत नाहीत तेच लिहायचे असते.”

मराठीच्या प्राध्यापकाला असे कुणी बोलले की त्याला जुनी पुस्तके आठवतात. वडाळ्यात कुष्ठरुग्णांचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय आहे, १८९० साली निघालेले. ज्या हॅरी अ‍ॅकवर्थच्या नावाने ते ओळखले जाते, तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. आणि त्यानेच शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने १८९१ साली मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे जमवून छापले. रोज रुग्णालयावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? गाणाऱ्याच्या गळ्यात जे होते ते कागदावर आणायचे. ओळ कुठे तुटते, नाव कुठे बदलते, हे विचारून घ्यायचे. शाळिग्रामांना ‘अ‍ॅनालिस्ट’ म्हटले असते तर ते रागावले असते, पण काम त्याच जातीचे. फरक इतकाच की पोवाडा लिहून घेतल्याने शाहिराची डफ-तुणतुणी कुणी काढून घेतली नाहीत.

या फरकापाशीच आमची मुलगी येऊन अडकली.

तिची कचेरी ऐरोलीला. वडाळ्याहून वाशीची गाडी, वाशीला उतरून ठाण्याची. ती ऐरोलीला सोडते. पहिले दोन महिने तिने फक्त ऐकले आणि टिपले. मग तिला पाठवले एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेबखात्यात, आणि ते निघाले पुन्हा वडाळ्यातच, ट्रक टर्मिनसच्या बाजूला! माल पोहोचला की बिल्टी आणि पोहोच ताडून पाहायची, पोती बरोबर असली तर ड्रायव्हरचे पैसे मोकळे करायचे, कमी भरली तर कापायचे. साहेबांनी तिला छापील कागद दिला. त्यात चौदा पायऱ्या होत्या.

ते काम करणारे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे. ती त्यांना काका म्हणू लागली. तीन दिवस त्यांच्या टेबलाशी बसल्यावर तिच्या ध्यानात आले की काका चौदा नव्हे, पंधरा पायऱ्या चढतात. पोती कमी भरली की पैसे कापण्याआधी ते ड्रॉवरमधून एक शाळकरी वही काढीत आणि फोन लावीत. कधी गोदामाच्या मुकादमाला, कधी वाटेतल्या ढाब्यावर, कधी ड्रायव्हरच्या घरी. घाटात पाऊस होता का? भरतानाच मोजणी चुकली का? हा माणूस याआधी कधी कमी आला होता का? दहा मिनिटांत त्यांचा निकाल तयार. चोराचे पैसे कापले जात आणि दुसऱ्याच्या चुकीपायी कुणा गरिबाची खेप फुकट जात नसे. साहेबांना यातले काही ठाऊक नव्हते.

“काका, हे कागदावर नाही,” ती म्हणाली.

“नाहीच. आणि तूही आणू नकोस, बाळ. लिहिलंस की ते माझं राहत नाही.”

त्या रात्री ती आमच्याकडे आली. न लिहावे तर नवी प्रणाली पोते कमी दिसताच आपोआप पैसे कापणार. ड्रायव्हर लोकांनी दाद मागायची कुणाकडे? लिहावे तर साहेब म्हणणार, वहीतले नंबर संगणकात घाला, काकांची गरज काय? तिला माझ्याकडून शब्द हवे होते. अशा वेळी सल्ला मागणाऱ्याला शब्दच हवे असतात. निर्णय त्याने केलेला असतो. मी म्हटले, “अगं, आधी त्यांना विचार. वही त्यांची आहे.”

दुसऱ्या दिवशी तिने काय लिहिणार आहे ते काकांना वाचून दाखवले. मूळ मसुदा इंग्रजी. पण त्यांच्यासाठी तिने मराठी केले, आणि मराठी करताना इंग्रजीतली तीन वाक्ये खोटी वाटली म्हणून खोडली. शेवटी पंधरावी पायरी राहिली ती अशी : पोती कमी भरल्यास प्रणालीने रक्कम कापू नये, प्रकरण जबाबदार माणसाकडे पाठवावे, त्याने चौकशी करून कारण नोंदवावे आणि मगच निर्णय द्यावा. वहीतल्या नंबरांबद्दल एक अक्षर नाही. काकांनी एकच दुरुस्ती सुचवली. ‘चौकशी करून’च्या आधी ‘ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून’ हे शब्द घाला म्हणाले.

बैठकीत या पायरीवर पाऊण तास गेला. वेळ वाया जातो, असे एकाचे म्हणणे. मुलीने मागच्या तीन महिन्यांतली प्रकरणे काकांकडून घेऊन मांडली होती. कापायला निघालेल्या पैशांपैकी किती पुढे द्यावेच लागले असते, ते आकड्यांत. आकड्यांपुढे साहेब लोक नमतात. पायरी राहिली, सह्या झाल्या. ‘जबाबदार माणूस’ कोण ते मात्र कागदात नाही. काकांच्या निवृत्तीला अजून अडीच वर्षे आहेत.

आजोबांना हे सगळे मी सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या यार्डात वाघीण हवाली करताना दोन कारकून लागायचे. ही एकटीच दोन्ही बाजूंची वही धरते होय?” आणि नातीला हाक मारून उद्यापासून डबा किती वाजता हवा ते विचारू लागले.