भीड आणि पारख

‘भीड भिकेची बहीण’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. देवस्थानाच्या निमित्ताने एकत्र बांधल्या गेलेल्या आपल्यासारख्या समाजात, जेथे प्रत्येक घर दुसऱ्या घराशी कोणत्या ना कोणत्या नात्याने जोडलेले असते, तेथे या म्हणीचा प्रत्यय पदोपदी येतो. मंडईत पाव किलो वांगी घेताना आपण प्रत्येक वांगे उलटसुलट करून पाहतो. परंतु ओळखीच्या गृहस्थाकडून तीन-साडेतीन लाखांची जुनी मोटार घ्यावयाची झाली, की तिचे बॉनेट उघडावयासही आपला हात धजत नाही. ‘त्यांना काय वाटेल?’ हा एकच प्रश्न आपल्या साऱ्या व्यवहारबुद्धीला गप्प बसवितो.

हा विचार मनात येण्यास कारण झाली माझी भाची. स्नेहलतागंजात आमच्याच घरी ती लहानाची मोठी झाली. २०२५ च्या पावसाळ्यात तिला देवास येथे शिक्षिकेची नोकरी लागली. ज्या देवासला कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने आले आणि जन्मभर राहिले, तेच हे गाव. इंदूरहून ते सुमारे चाळीस किलोमीटर. पहिले काही आठवडे तिने बसने ये-जा केली. पण सकाळची शाळा आणि घरी आजारी आई, म्हणजे माझी बहीण, यांची सांगड बसच्या वेळापत्रकाशी काही केल्या बसेना. अखेर जुनी मोटार घ्यावी असे ठरले. नव्या गाडीचा हप्ता तिच्या पगाराला पेलणारा नव्हता.

‘स्वस्त गाडी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. रोजचे ऐंशी किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याला दोन हजार व वर्षाला चोवीस हजार किलोमीटर होतात. लिटरला सोळा किलोमीटर धावणाऱ्या गाडीला वर्षाकाठी पंधराशे लिटर पेट्रोल लागेल, वीस धावणारीला बाराशे. लिटरचा भाव शंभरच धरला, तरी फरक तीस हजारांचा. म्हणजे खरेदीत वाचविलेले पन्नास हजार दोन वर्षांच्या आत पेट्रोलपंपावर सांडून जातात. त्यात टायर, ब्रेक, क्लच यांची झीज मिळवावी. याखेरीज आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळते. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी मुद्दाम घडविलेल्या नाहीत. त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या व गॅस्केट तपासून घेणे इष्ट, आणि मायलेज काही टक्के कमी मिळेल हेही गृहीत धरावे. सारांश, लांबच्या पल्ल्यासाठी गाडीची किंमत ती घेताना कळत नाही, ती चालविताना कळते.

दुसरा प्रश्न पैशांच्या पलीकडचा होता. देवासचा रस्ता हा आग्रा-मुंबई महामार्गाचा भाग. अवजड ट्रकांची रीघ त्यावर अहोरात्र चालू असते. जून २०२५ मध्ये याच रस्त्यावर कामामुळे वाहनांचा प्रदीर्घ खोळंबा झाला होता, हे इंदूरकर विसरलेले नाहीत. अशा रस्त्यावर आपली मुलगी रोज दोनदा जाणार, तेव्हा गाडीचा पत्रा किती जाड आणि रंग किती चकचकीत यापेक्षा आघाताच्या क्षणी ती आतल्या माणसाला किती सांभाळते, याला महत्त्व. आपल्या देशात चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे ए.बी.एस., सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून, आणि चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणून २०१९ च्या आधीची गाडी पाहावयाचीच नाही, अशी रेघ आम्ही ओढली.

माझे मत वॅगन-आरकडे झुकत होते. तिचे सुटे भाग कोठेही मिळतात आणि महामार्गावरचा कोणताही मिस्त्री ती डोळे झाकून दुरुस्त करतो. भाची म्हणाली, “मामा, बंद पडलेली गाडी दुरुस्त होते, माणसाचे काय?” तिने ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्या माझ्यासमोर ठेवल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत २०१९ साली वॅगन-आरला पाचांपैकी दोन तारे मिळाले होते, तर जानेवारी २०२० मध्ये टाटा टियागोला चार. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण प्रवास तिचा होता, म्हणून कौलही तिचाच.

शोधास आरंभ झाला. एका विक्रेत्याकडची पांढरी गाडी आरशासारखी लखलखत होती. मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. परंतु ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले, चालकाच्या आसनाची कड फाटलेली, आणि दुरुस्तीची एकही पावती नाही. मिस्त्रीने गालिचा उचलला, तर आसनाच्या रुळांवर गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ. गाडी केव्हातरी पुराच्या पाण्यात उभी राहिली असावी, असा त्याने निष्कर्ष काढला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

या व्यवहाराचे शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडले. जुन्या मोटारीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देऊ करतो. तो भाव न परवडल्याने चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि बाजारात उरतात त्या बहुशः वाईट गाड्या. या विचाराच्या मांडणीसाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हे अकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीत राहिले होते. मोटारींविषयीच्या त्याच निबंधात ते भारतातील गृहिणींचा उल्लेख करतात: बाजारच्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरातील बाईला ते वेचून काढावे लागतात! आपल्या आया-आज्या सूप घेऊन ओसरीवर बसत, तेव्हा त्या अर्थशास्त्रातला एक मोठा प्रश्न रोज सोडवीत होत्या, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

त्यानंतर आमच्याच ओळखीतील एका निवृत्त गृहस्थांची २०२० सालची टियागो विकावयाची आहे असे कळले. येथे खरी अडचण उभी राहिली. बहीण म्हणाली, “ते आपले माणूस. मिस्त्री घेऊन गेलात तर मी त्यांना तोंड कसे दाखवू?” भाचीने शांतपणे उत्तर दिले, “आई, तांदूळ मावशीकडून आले तरी तू निवडतेसच ना?” यावर बहिणीजवळ उत्तर नव्हते.

आम्ही सकाळी लवकर, इंजिन थंड असतानाच गेलो. कारण तापलेले इंजिन आपले पुष्कळ दोष लपविते. गृहस्थांनी पावत्यांची फाईल आपण होऊन पुढे ठेवली. डावे दार खांबाला घासल्यामुळे रंगविले होते, तेही न विचारता सांगितले. धूर निळा असता तर इंजिन ऑईल जाळते, काळा असता तर इंधन अर्धवट जळते असे समजावयाचे. येथे दोन्ही नव्हते. मात्र मिस्त्रीला दोन गोष्टी आढळल्या. टायरांवर ‘४८१९’ हा आकडा होता, म्हणजे ते २०१९ च्या अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी शाबूत, पण रबर तडकलेले. आणि रेडिएटरच्या खालच्या नळीतून पाणी थेंबथेंब झिरपत होते. गृहस्थ चकित झाले. त्यांची गाडी देवदर्शन आणि भाजीबाजार एवढ्यापुरतीच निघे; थेंबांचा पत्ता त्यांनाही नव्हता. महामार्गावर, उन्हाळ्यातील एखाद्या खोळंब्यात, त्या थेंबांनी काय केले असते ते सांगावयास नको.

अकरलॉफच्या सिद्धान्तात विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते. पण येथे सज्जन विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. आपण पारख करतो ती समोरच्याच्या सचोटीची नव्हे, वस्तूची. आणि वस्तू कोणाची भीड धरीत नाही. गृहस्थ म्हणाले, “तुम्ही तपासले नसते आणि वाटेत मुलीला काही झाले असते, तर मला जन्मभर झोप लागली नसती.” चार टायर आणि नळी यांचा खर्च वजा करून भाव ठरला. कोणाचेही मन दुखावले नाही.

कागदपत्रांच्या बाबतीतही हीच भीड नडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. ‘करू सावकाश’ असे म्हणून नमुना क्रमांक २९ व ३० वर सह्या घेऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक हातांतून गेली होती. मात्र दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदीतल्या मालकावरच ठेवली. म्हणून गाडी आपल्या नावावर करून घेणे हे घेणाऱ्याचे विकणाऱ्यावर उपकार नव्हेत, ते ऋण आहे. भाचीने ते पहिल्याच आठवड्यात फेडले. विमाही आपल्या नावावर करून घेतला आणि कर्जाचा बोजा वा थकलेला दंड नाही याची खात्री करून घेतली.

आपल्या पूर्वजांनी व्यापारात नाव मिळविले ते ‘शब्द’ पाळून. पण त्यांच्याच पेढीवर तराजू असे, आणि नाणे वाजवून घेण्याची रीतही असे. त्यात कोणी अपमान मानीत नसे. उघड तपासणीला जो हसतमुखाने सामोरा जातो, त्याचाच शब्द मोलाचा. आपल्या माणसाची गाडी आपण जरूर घ्यावी. मात्र आपल्या माणसासाठी ती घेत आहोत, हे विसरू नये.