शेवाळ कोणीं खावें?

कन्या आषाढांत शिक्षणासाठीं पुण्यास गेली आणि जातांना आपली माशांची काचपेटी आमच्या स्वाधीन करून गेली. दोन फूट लांबीची ती पेटी, तींत सहा मासे आणि दिवसांतून एकदां चिमूटभर खाद्य. एवढा संसार आम्हांस सहज सांभाळतां येईल, असा आमचा समज होता. परंतु दसऱ्यापर्यंत काचा हिरव्या झाल्या आणि मासे जणूं पडद्याआड गेले. दर रविवारीं दूरध्वनीवर तिचा पहिला प्रश्न माशांविषयीं असावयाचा. आम्ही तो हिंगोलीच्या हवापाण्याकडे वळवूं लागलों.

अखेर आम्ही दुकान गाठलें. दुकानदारानें दोन इंचांचा एक काळसर मासा दाखविला. तो तोंडानें काचेला घट्ट चिकटून बसला होता. "हा सकर. सगळें शेवाळ खाऊन टाकतो. काका, तुम्हांला हातसुद्धां लावायला नको!" हे शब्द आम्हांस फारच गोड वाटले. तरी सहज विचारलें, "हा वाढतो केवढा?" "होतो फूटभर. मोठा झाला कीं कयाधूंत सोडून द्या."

या शेवटच्या वाक्यापाशीं आम्ही अडलों. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो दीड फुटांपर्यंत वाढतो. अंगावर चिलखतासारखें कवच, त्यावर कांटे. पाण्यांतला प्राणवायु कमी पडला तर वर येऊन हवा घेतो आणि अंडीं घालण्यासाठीं कांठ पोखरतो. कोणा हौशी माणसांच्या पेट्यांतून सुटलेला हा पाहुणा आज आंध्रांतील मच्छीमारांचीं जाळीं फाडीत आहे. कयाधू तर नामदेवांच्या नरसीवरून वाहते, पुढें पैनगंगेस मिळते आणि तें पाणी वर्धा, प्राणहिता असें करीत गोदावरींत जातें. आमच्या एका काचेच्या स्वच्छतेसाठीं एवढा मुलूख वेठीस धरावयाचा काय?

मग इकडचाच मासा आणावा, असें मनांत आलें. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या आपल्या नद्यांत आहेच. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां अनेक जातींना मराठी नांवेंच लॅटिन वेशांत दिलीं. मल्या त्यांपैकींच एक. पण तो खळाळत्या पाण्याचा रहिवासी. त्यास आमच्या संथ पेटींत कोंडणें हाही अन्यायच.

रिकाम्या हातानें घरीं येऊन आम्ही पेटीसमोर बसलों आणि प्रथमच मूळ प्रश्न विचारला: हें शेवाळ आलें कोठून? शेवाळास दोन गोष्टी लागतात, प्रकाश आणि खत. पेटी आम्हींच पूर्वेच्या खिडकीशीं नेऊन ठेवली होती. आणि खत? मासे काचेशीं येऊन तोंड उघडीत, कीं आम्ही खाद्य टाकीत असूं. सकाळीं, दुपारीं, रात्रींही. उरलेलें तळाशीं कुजे. शेवाळ खाणारा मासा आणला असता, तरी त्याची विष्ठा त्याच पाण्यांत पडून पुन्हां शेवाळच पोसलें असतें. खरें सांगावयाचें, तर माशांस इतकी भूक नव्हती. घर रिकामें वाटे, म्हणून आमचा हात डब्याकडे जाई.

पेटी सावलींत आणली. खाद्य पूर्वीप्रमाणें एकवेळ केलें. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तुळशीस घालतों आणि काचा स्वतः घांसतों. पुढच्या रविवारीं कन्येपाशीं सगळें कबूल केलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, मागची काच मात्र घांसूं नका. तिथलें शेवाळ माशांना टोचायला आवडतें."

मागची काच आम्ही हिरवीच ठेविली आहे. रविवारीं आतां हवापाण्याचा विषय निघत नाहीं.