पहिला चीक

ज्येष्ठ-आषाढात गाभण राहिलेली गाय फाल्गुन-चैत्रात विते. आमच्या खानापूर भागात म्हशी बहुधा पावसाळा ते हिवाळा या काळात वितात. परंतु ज्या घरांत संकरित गाई आल्या, तेथे उपवासकाळाच्या सुमारास एखादी तरी गाय व्यायला टेकलेली दिसते. ओला चारा संपलेला, विहिरीचे पाणी तळाशी गेलेले, उन्हाचा ताव वाढत चाललेला, आणि नेमक्या अशा वेळी गोठ्यात बाळंतपण! म्हणून या वेताची सिद्धता दोन महिने आधी आरंभावी लागते, आणि तिची पहिली पायरी म्हणजे गाय आटवणे.

व्यायच्या आधी सुमारे ६० दिवस धार थांबवावी, असे पशुवैद्य सांगतात. या अवधीत कास पुन्हा नव्याने घडते, चीक कसदार होतो, आणि पोटातील वासरूही याच अखेरच्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढते. परंतु ज्या घराचा किराणा डेअरीच्या बिलावर चालतो, त्या घराला हे सांगणे सोपे नाही. माझ्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला सरळच विचारले, “फादर, अजून दोन लिटर देते आहे. पोरीची फी कशातून भरू?” प्रश्न रास्त होता. आम्ही ओट्यावर बसून हिशोब मांडला. दोन महिने रोज दोन लिटर, म्हणजे १२० लिटर. पुढचे वेत ३०० दिवसांचे धरले आणि थकलेल्या कासेमुळे रोज एकच लिटर घटले, तरी ३०० लिटर गेले. त्यांनी गाय आटवली. त्या वर्षीची फी मात्र उसनवारी करून भरावी लागली, हेही येथे सांगितले पाहिजे.

उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब आपल्या भावाला, एसावाला, बरोबर चालण्यास नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, पाजणारी जनावरे सोबत आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तर कळप दगावेल, असे त्याचे म्हणणे. तो मागून त्यांच्याच पावलाने येतो. किती जाणता गुराखी हा!

गोठ्याची तयारी फार खर्चाची नाही. भिंतींना चुना, मूत वाहून जाईल असा उतार, एका कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याचे कोरडे जाड अंथरूण, सावली, आणि रात्रंदिवस भरलेले पाण्याचे टाके. हाताशी स्वच्छ गोणपाट, वासराच्या नाळेला लावण्यास टिंक्चर आयोडिनची बाटली आणि पशुवैद्यांचा क्रमांक असावा. व्यायल्यावर गाय मान कुशीकडे वळवून पडली, कान गार लागले, तर तिला दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळीत बसू नये. तिच्या रक्तातील कॅल्शियम उतरलेले असते, आणि ते वेळेवर शिरेतून दिले तर तीच गाय तासा-दोन तासांत उभी राहू शकते.

आता चिकाविषयी. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, अशी समजूत आपल्या कित्येक घरांत आजही आहे. आजीबाई हे सांगतात ते प्रेमानेच. पण वासरू त्यात जाते. मनुष्याच्या बाळाला रोगाशी झुंजण्याचे बळ काही अंशी आईच्या उदरातच मिळते. वासराला ते मिळत नाही. त्याला ते केवळ चिकातून मिळते, आणि ते शोषून घेणारे आतड्यांचे द्वार जन्मापासून तासातासाने मिटत जाऊन सुमारे २४ तासांत बंद होते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांतच पाजावे. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक जावा. त्याच्या चोखण्याने वार पडण्यास साहाय्यच होते. बारा तासांत वार पडली नाही, तर ती ओढू नये, तिला दगड बांधू नये, पशुवैद्यांना बोलवावे.

खरवसाचा मी शत्रू नाही. शेजाऱ्यांना वाटी धाडण्याची आपली रीत गोड आहे, आणि ती वाटी फादरांच्या बंगल्यापर्यंतही येते! परंतु वासराचे पोट भरून जे उरेल, त्याचा खरवस व्हावा. निर्गमाच्या २२व्या अध्यायात पहिले वासरू देवाला वाहण्याचा नियम आहे. तेथेही ते सात दिवस आईजवळ राहावे, आठव्या दिवशी अर्पावे, असे सांगितले आहे. देवाने स्वतःच्या वाट्यासाठी आठवडाभर वाट पाहिली.

खोंड झाला तर काय होते, ते आपण सारे जाणतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला दावणीत जागा उरली नाही. त्याला कोणी मारीत नाही, केवळ पाजावयाचे विसरतात. त्या घरांची ओढाताण मी पाहतो, म्हणून प्रवचनपीठावरून त्यांना दटावीत नाही. ज्यांना पोसणे शक्य नाही त्यांनी रेतनाच्या वेळीच पशुवैद्यांना विचारावे. बहुतांशी कालवडीच होतील अशा रेतमात्रा आता मिळतात. पण जो जन्मला, त्याला कालवडीइतकाच चीक मिळावा.

रोमन विधिग्रंथात गोठ्याच्या आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना आहे. माझ्या धर्मग्रामात कोणी त्यासाठी बोलावले की मी जातो. आणि तीर्थ शिंपडण्यापूर्वी, गाय आटवून किती दिवस झाले, ते घरच्या बाईला विचारतो. बाप्याला विचारले तर तो दोन आठवडे वाढवून सांगतो.