राखायचं कुणाला, सोडायचं कुणाला?

मार्च उजाडला की आमच्या पालघरच्या घरात दोन याद्या होतात. एक वाणसामानाची, दुसरी क्रिकेटपटूंची! दोन्ही माझ्याच हातच्या, कारण आमच्या घरगुती आयपीएलची चिटणीस मी. सकाळची शाळेची अर्धवेळ नोकरी आटोपली की हा संसार.

ही वही सुरू झाली ती मात्र एका दुखण्यातून. माझे धाकटे दीर बोईसरला कारखान्यात नोकरीला. २०२३च्या मोसमात त्यांना मोबाइलवर पैसे लावून संघ बनवायचा नाद लागला आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले अठरा हजार त्यात गेले. मायलेकांचं बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं. असे पैशाचे ऑनलाइन खेळ केंद्राने कायद्याने बंद केले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. तेव्हा कुठला कायदा? नुसतं "खेळू नका" म्हटल्याने नाद सुटत नाही, हे मला वर्गातल्या पोरांवरून ठाऊक. म्हटलं, "भाऊजी, खेळा की! पण माझ्या वहीत, बिनपैशांचं." आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचे हप्ते लिहायला घेतले, दरमहा हजार.

आमची सहा घरं. प्रत्येकाने गेल्या वर्षीचे दोनच खेळाडू राखायचे, बाकीचे पाळीपाळीने निवडायचे. पहिली फेरी एक ते सहा, दुसरी उलटी, सहा ते एक. म्हणजे शेवटी बसणाऱ्यावर अन्याय नको. दहा जागा ठरलेल्या आणि अकरावी 'कोणीही'ची.

बहुतेक जण आवडता फलंदाज राखतात. मला ते पटत नाही. पावसाळ्याआधी आपण सातपाटीचे सुके बोंबील, जवळा भरून ठेवतो, कारण जून-जुलैत मासेमारी बंद. भेंडी कुणी भरून ठेवतं का? धावा करणारे तिसऱ्या फेरीतही मिळतात हो! पण फलंदाजीही करील आणि चार षटकंही टाकील असा गडी दुर्मिळ. त्यातून २०२३ पासून आयपीएलमध्ये सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येतो. मग संघ निव्वळ फलंदाज किंवा निव्वळ गोलंदाजच आणतात, आणि दोन्ही करणारे आणखी कमी झाले. म्हणून राखायचा तो असा अष्टपैलू, आणि बसवायचा 'कोणीही'च्या जागी, दोन्हीकडून गुण. सलामीला येणारा यष्टीरक्षकही तसाच.

भाऊजींना हे सगळं पटतं, फक्त शार्दूल ठाकूर सोडून! तो आमच्या पालघरचा. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला नि बोरिवलीच्या शाळेत गेला. लोकलच्या गर्दीत त्याने ती भली मोठी बॅग किती वाहिली, हे इकडे पोरंटोरंही सांगतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. तरी भाऊजी त्यालाच राखायला निघालेले. माझा नियम पक्का: ज्याला संघ नाही त्याला राखता येत नाही. तर या बाबांनी 'कोणीही'ची जागा चक्क रिकामी सोडली! "रिकामा पाट मांडून बसलाय," सासूबाई म्हणाल्या.

मार्च २०२५ मध्ये लखनौचा मोहसिन खान जायबंदी झाला आणि त्याच्या जागी शार्दूल आला. २७ तारखेला हैदराबादला त्याने चौतीस धावांत चार बळी घेतले. भाऊजी रात्रपाळीला होते. फोन आला तो मला नाही, यांनाही नाही. "आई, पाहिलंस का?" सासूबाईंनी पाहिलं होतं, दोन्ही डोळ्यांनी, अठरावा हप्ता डिसेंबरात आला आणि जानेवारीत मोतीबिंदू निघाला होता. दोघं पाऊण तास बोलत होती. वरण माझं गार झालं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शार्दूल मुंबईकडे आला आणि भाऊजींपुढे पुन्हा तेच कोडं. जागा दोन, दावेदार तीन: सलामीचा यष्टीरक्षक, अष्टपैलू आणि हा गाववाला. मी सांगून ठेवलंय, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत नावं आली नाहीत, तर वही मिटणार.