दोन वर्षांनी उघडलेली वाट : 2022 ची आषाढी वारी आणि सेवेची रीत

आषाढी वारी म्हणजे आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरी पोचण्यासाठी गावोगावच्या वारकऱ्यांनी पायी केलेला नेमाचा प्रवास होय. या प्रवासाची सर्वांत मोठी वाट आळंदीहून निघते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखीत ठेवून प्रस्थान होते आणि पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी असे मुक्काम करीत सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल पूर्ण होते. करोनाच्या साथीमुळे 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी ही चाल थांबली. मोजक्या वारकऱ्यांसह पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेल्या गेल्या आणि एरवी लाखोंनी फुलणारे चंद्रभागेचे वाळवंट संचारबंदीत ओस राहिले. 21 जून 2022 रोजी आळंदीहून पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा या वाटेवर केवळ एक धर्मविधी पूर्ववत सुरू झाला असे म्हणणे अपुरे ठरते. माणसाने माणसाच्या जवळ जाण्याची जी रीत दोन वर्षे खंडित झाली होती, ती कशी पुन्हा सांधली जाते, हे या प्रवासात मुक्कामागणिक दिसत गेले.

पहिला मोठा पडाव पुण्याचा. राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण 9 मार्च 2020 रोजी याच शहरात आढळले होते आणि पुढे रुग्णालयांत खाट मिळवण्यासाठी झालेली वणवण पुणेकरांच्या मनात ताजी होती. त्याच शहराच्या पेठांमध्ये ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोन्ही संतांच्या पालख्या मुक्कामाला आल्या, तेव्हा रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेले चर्मकार वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देत होते, नाभिक दाढी करून देत होते, डॉक्टरांची पथके पायांवर मलम लावीत होती आणि चाळीतील बिऱ्हाडे जिन्यात चहाची किटली घेऊन उभी होती. यांतील कोणीही पैसे घेत नव्हते. उलट काम संपले की सेवा करणाराच वारकऱ्याच्या पाया पडत होता. घेणाऱ्याने ओशाळू नये आणि देणाऱ्याने मोठे होऊ नये, याची काळजी या एका कृतीत घेतलेली असते. म्हणून वारीत अशा कामाला दान म्हणत नाहीत. सेवा हाच शब्द चालतो.

पुण्याहून सासवडपर्यंतचा टप्पा सर्वांत लांब, सुमारे बत्तीस किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाटाची चढण असते. पालखीच्या रथाला येथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. त्या वर्षी पाऊस लांबलेला असल्याने घाटात उन्हाचा तडाखा होता. वरून पाहता पांढरे धोतर, भगव्या पताका आणि डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियांची रांग वळणावळणाने सरकताना दिसत होती. घाट चढून आलेल्या पायांची अवस्था सासवडच्या ओट्यांवर कळते. एका घराच्या पडवीत गरम पाण्याच्या घमेल्यात मीठ टाकून म्हाताऱ्या वारकरी बाईचे पाय त्यात सोडलेले होते आणि घरातील सून त्या पायांचे तळवे खोबरेल तेलाने चोळीत होती. तळव्यावरचे फोड तिने फोडले नाहीत. सुईत पांढरा दोरा ओवून तो फोडातून आरपार काढला आणि दोन्ही टोके बाहेर राहतील असा तोडला, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपून जाते आणि कातडी शाबूत राहून दुसऱ्या दिवशी चालता येते. ‘‘माउली, दुखतंय का?’’ एवढेच ती मधूनमधून विचारीत होती. वारीत स्त्री, पुरुष, लहान, थोर सर्वांना माउली म्हणूनच हाक मारतात. त्यामुळे नाव, गाव, जात न विचारता बोलणे सुरू होऊ शकते.

या स्पर्शाचे मोल 2022 मध्ये विशेष होते. साथीच्या काळात स्पर्श हेच भयाचे कारण ठरले होते आणि हे भय निराधार नव्हते. पंढरपूरच्या मंदिरात विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून जे पदस्पर्शदर्शन घेतले जाते, तेही मार्च 2020 पासून बंद होते. मंदिर उघडल्यानंतरही बराच काळ केवळ मुखदर्शन मिळत असे. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला, पदस्पर्शदर्शन पुन्हा सुरू झाले आणि राज्यातील साथीचे निर्बंधही त्याच सुमारास उठले. वारकरी एकमेकांना भेटताना परस्परांच्या पाया पडतात आणि छातीला छाती लावून उराभेट घेतात. दोन वर्षे लांबूनच हात जोडण्याची सवय झालेल्या माणसांना या भेटीत पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होत होते. कोणी मास्क खाली ओढून हसत होते, कोणी क्षणभर थबकत होते. जेजुरीच्या भंडाऱ्यात माखून पुढे निघेपर्यंत हे अवघडलेपण बहुतेकांचे गळून गेले होते.

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. तेथून पुढची गावे पाहताना मार्च आणि एप्रिल 2020 ची आठवण टाळता येत नाही. त्या वेळी महाराष्ट्रातील अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले होते. त्याच दिवसांत शहरांतून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना कोठे भाकरी मिळाली, कोठे हाकलून दिले गेले. तेव्हा वेस अडवणारी आणि आता दिंड्यांसाठी वेशीवर रांगोळी घालून पिठले-भाकरीच्या पाट्या मांडणारी माणसे वेगवेगळी नव्हेत. भीतीने माणूस दार लावतो. ते पुन्हा उघडण्यासाठी त्याला एखादे निमित्त, एखादी ठरलेली तिथी लागते. वारी अशी तिथी पुरवते.

याच पट्ट्यात साथीची खरी किंमतही समोर येते. दिंडी म्हणजे एका विणेकऱ्यामागे टाळ-मृदंगासह चालणारा वारकऱ्यांचा संघ, आणि पुष्कळ दिंड्यांचे उतरण्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. दोन वर्षांनी दिंडी दारात आली की यजमान ओळखीचे चेहरे शोधतात आणि न दिसणाऱ्याची चौकशी करतात. ‘‘बाबा नाही आले ह्या खेपेला?’’ या प्रश्नाला अनेक ठिकाणी उत्तर म्हणून नुसती मान हलत होती. मग त्या बाबांच्या वाटचे ताट वाढून दुसऱ्या कोणा वारकऱ्याला त्यावर बसवले जाई. ज्यांच्या अंत्यसंस्काराला चार माणसेही जमू शकली नव्हती, त्यांच्या जाण्याचे दुःख या ओसऱ्यांवर प्रथमच चारचौघांत वाटून घेतले जात होते.

रोज सायंकाळी पालखीतळावर होणारी समाजआरती हा वारीतील अत्यंत विचारपूर्वक घडवलेला प्रघात आहे. सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवीत राहायचे. चोपदार तेथे जाऊन म्हणणे ऐकून घेतो. नंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते आणि मगच आरती. गाऱ्हाणे ऐकून घेणे आणि सापडलेली वस्तू ज्याची त्याला देणे ही देवाच्या आरतीआधीची कर्तव्ये मानली गेली आहेत.

या चित्राला मर्यादा आहेत. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतील वारकरी जातीनुसार वेगवेगळ्या पंगतींत जेवतात याची वेदना नोंदवली होती आणि ते दुखणे आजही पूर्णपणे सरलेले नाही. तरीही फलटण, नातेपुते, वेळापूर ओलांडून पालखी ‘टप्पा’ नावाच्या ठिकाणी येते, ज्ञानेश्वर आणि त्यांचे धाकटे बंधू सोपानदेव यांच्या पालख्यांची बंधुभेट होते, मानकरी नारळ देऊन एकमेकांना आलिंगन देतात आणि सभोवतीच्या गर्दीत अनोळखी माणसेही परस्परांच्या गळ्यात पडतात, तेव्हा या परंपरेचा कल कोणीकडे आहे याविषयी शंका राहत नाही.

10 जुलै 2022 रोजी आषाढी एकादशीला पंढरपूर पुन्हा वारकऱ्यांनी भरले. या वाटेवरून निघणारा निष्कर्ष असा की आपुलकी ही मनात आपोआप टिकून राहणारी गोष्ट नाही. ती हातांनी करावयाची, वर्षानुवर्षे गिरवावयाची सवय आहे, ती मोडू शकते आणि ठरवून पुन्हा लावून घेताही येते. ज्यांना वारी घडत नाही त्यांच्याही गल्लीत, इमारतीत आणि नात्यांत साथीने लावलेली कितीतरी दारे अजून बंद आहेत. ती उघडण्यासाठी एकादशीची वाट पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या घरी जावे, कोण आहे आणि कोण राहिले नाही याची चौकशी करावी आणि घटकाभर बसावे.